उखा मास्तरांचं इंग्रजी

धुळ्याच्या जुन्या भागात, पांझरेच्या अलीकडे, एक दगडी शाळा आहे. पाटीवरचं तिचं नाव लांबलचक आहे, पण रिक्षावाल्याला नुसतं 'इंग्रजी शाळा' म्हटलं तरी तो बरोबर दारात आणून सोडतो. गंमत म्हणजे गेली कित्येक वर्षं तिथे सगळे विषय मराठीतूनच शिकवतात, आणि ज्यांना खरोखरीचं इंग्रजी माध्यम हवं असतं त्यांची पोरं पिवळ्या बसमधून देवपूरच्याही पुढे जातात. नाव मात्र साहेबाच्या काळातलं, तसंच चिकटून राहिलेलं.

या शाळेत प्रज्ञा आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायची. वय एकतीस, मूळची जळगावची. वडील रविंद्र एसटीत कंडक्टर होते, ते निवृत्त होऊन जळगावातच राहत होते. आजोबा, ज्यांना सगळे यादवआबा म्हणत, ते जवळच असोद्याला. अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली तरी गाव सोडायला तयार नव्हते. प्रज्ञा देवपुरात एक खोली घेऊन राहायची आणि रोज स्कूटीवरून पूल ओलांडून शाळेत यायची.

दिवाळीची सुट्टी संपली त्याच दिवशी मुख्याध्यापिका कुंदाबाईंनी तिला बोलावलं.

"डिसेंबरात शाळेला दीडशे वर्षं होतायत," त्या म्हणाल्या. "प्रदर्शन मांडायचंय. आपल्या गावात इंग्रजी शिक्षण कसं आलं, कसं वाढलं, ते लोकांना दिसलं पाहिजे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत चार कपाटं आहेत. माझ्या आधीच्या तिघांनी ती उघडली नाहीत. मीही नाही."

"मी एकटीनंच बघायचं?"

"भिकन आहे ना. किल्ल्या त्याच्याकडे आहेत."

भिकन हा शाळेचा सर्वांत जुना शिपाई. येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. कोणत्या वर्गाचं कुठलं बाक डुगडुगतं इथपासून कोणत्या शिक्षकाला किती साखरेचा चहा लागतो इथपर्यंत सगळं त्याला तोंडपाठ. त्याने चारही कपाटं उघडून दिली आणि धूळ बसेपर्यंत दोघं बाहेर व्हरांड्यात उभे राहिले.

"बठ्ठा कागद आठेच शे, मॅडम," तो म्हणाला. "वाळवीनं खाल्ला तेवढा सोडून."

सगळा कागद खरंच इथेच होता आणि वाळवीने फारसं खाल्लं नव्हतं. दाखल-खारिजची रजिस्टरं होती, इन्स्पेक्टरांचे शेरे होते, बक्षीस समारंभाच्या याद्या होत्या. प्रज्ञा रोज शाळा सुटल्यावर तास-दीड तास बसायची आणि भिकन शेजारी स्टुलावर बसून एकेक बाड फडक्याने पुसून तिच्या हातात द्यायचा. पहिल्या वर्षी शाळेत एकोणीस मुलं होती. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात कारकून, वकील, सावकार, पुन्हा कारकून. दहा वर्षांनी मुलं दीडशे झाली. मग आसपासच्या गावांची नावं दिसायला लागली, मग धंद्याच्या रकान्यात 'शेती' आलं, मग शिंपी आला, सोनार आला. रेल्वेला इंग्रजी येणारे हवे होते, कचेरीला हवे होते, कापसाच्या पेढ्यांना हवे होते. शाळा फुगत गेली. त्या पिवळ्या पानांतून एक अख्खं शहर कोट-टोपी घालून इंग्रजी शिकायला निघालेलं तिला दिसत होतं आणि ते बघताना तिला खरंच मजा येत होती.

तरी जातीच्या रकान्यावरून बोट खाली नेताना ती काहीतरी शोधतेय हे तिच्या लक्षात आलं. आपली माणसं. पहिली पन्नास वर्षं ती कुठे नव्हतीच. तिला माहीत होतं की ती नसणार, तरी बोट फिरतच राहिलं.

आठव्या की नवव्या दिवशी भिकनने तिच्या हातात एक छोटं पुस्तक दिलं. पुठ्ठा निघालेला, पानं सुटी. अगदी पहिल्या इयत्तेचं, इंग्रजीची पहिली ओळख करून देणारं. प्रत्येक शब्द दोन अक्षरांचा नाहीतर तीन.

"काय लिहेल शे?" भिकनने विचारलं.

"काही नाही, लहान मुलांचं. बैलाचा धडा आहे." तिने वाचून दाखवलं. "इट इज अ‍ॅन ऑक्स. माय ऑक्स इट इज. डू वी गो अप? वी डू गो अप."

वाचून झाल्यावर ती पान उलटणार होती, पण हात थांबला. तिने तेच पुन्हा वाचलं, जरा भरभर. मग तिसऱ्यांदा, मनातल्या मनात, आणखी भरभर.

लहानपणी असोद्याला गेली की यादवआबा तिला पायांवर बसवून झुलवायचे आणि एक गाणं म्हणायचे. 'इटीझनाक, मायाक इटी, डुई गोआप, ईडू गोआप.' शेवटच्या 'आप'ला तिला वर उचलायचे. गावातली पोरं लपाछपी खेळताना राज्य कोणावर हे ठरवायलाही तेच म्हणायची. पोरांच्या गाण्यांना अर्थ असतो असं कोणाला वाटत नाही, तसं तिलाही कधी वाटलं नव्हतं. पुढे तिने इंग्रजीत एम. ए. केलं, बी. एड. केलं, सात वर्षं शिकवलं, पण ते शब्द इंग्रजी असतील हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं.

"काय व्हयनं, मॅडम?" भिकन म्हणाला.

तिने फोन काढला आणि आबांना लावला.

"आबा, ते आपलं इटीझनाक म्हणून दाखवा बरं."

"आत्ता?" आबा म्हणाले. "काब्र वं माय? पोरगं-बिरगं पाह्यलं का काय?"

"म्हणा तर खरं."

आबांनी म्हटलं. प्रज्ञाने स्पीकर चालू केला आणि पुस्तक भिकनसमोर धरून एकेका शब्दावर बोट ठेवत गेली. भिकनला इंग्रजी फार येत नव्हतं, पण बोटाचं आणि आवाजाचं जमतंय एवढं त्याला कळलं. तो स्टुलावरून उठून उभाच राहिला.

"आबा, हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"माह्या आज्यानं. उखा मास्तर."

"ते मास्तर कुठल्या शाळेत होते?"

"कुठीच नाही. लोकं म्हनत मास्तर, म्हनून मास्तर. मी सात वर्साचा व्हतो तव्हा गेला तो. शाळंत त्याले कोन घेतं त्या काळी?" आबा म्हणाले. "जवानीत धुळ्याले व्हता म्हने काही वर्सं. पंखा ओढे."

पंखा ओढणं म्हणजे काय, हे भिकनला सांगावं लागलं नाही. वीज येण्याआधी वर्गाच्या छताला लांब फळी टांगलेली असायची, तिला कापडाची झालर. तिची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर काढलेली असायची आणि बाहेर ओसरीत बसलेला माणूस दिवसभर ती ओढायचा, म्हणजे आतल्यांना वारा लागायचा. भिकन तिला नववी 'ब'च्या वर्गात घेऊन गेला आणि दाराच्या वर सिमेंटने बुजवलेली एक गोल जागा दाखवली. त्याच्या लहानपणी ती उघडी होती आणि तिच्यात चिमण्या राहायच्या.

दुसऱ्या दिवशी तो शाळा भरायच्या आधीच तिची वाट बघत उभा होता. काखेत एक लांबट वही.

"नोकरांचं मस्टर," तो म्हणाला. "आपलं पन मस्टर र्‍हास ना, मॅडम. तुम्ही पोरांच्याच वह्या पाही राह्यन्यात."

उन्हाळ्याच्या महिन्यांत पंख्याची तीन माणसं लावलेली असत. १९०५, १९०६, १९०७. तीनही वर्षं एक नाव होतं. 'उखा वल्द राणू, राहणार असोदे, वय सत्तावीस.' हजेरीच्या खुणांत एकही दिवस रिकामा नव्हता.

प्रज्ञा त्या नावाकडे बघत राहिली. आपल्या माणसाचं जे नाव मुलांच्या रजिस्टरात ती आठ दिवस शोधत होती ते इथे, झाडूवाल्याच्या खाली आणि पाणक्याच्या वर, निवांत बसलेलं होतं. तिला रडूही आलं आणि हसूही आलं, आणि भिकन समोर असल्यामुळे तिने हसू तेवढं दाखवलं.

पण तो माणूस पुस्तकातलं शिकला कसा, हे मस्टरमध्ये नव्हतं. ते सापडायला आणखी चार दिवस गेले. त्या काळचे मुख्याध्यापक रोजची एक नोंदवही ठेवत असत, इंग्रजीत, बारीक तिरक्या अक्षरात. कोण रजेवर गेलं, छप्पर कुठे गळलं, कोणत्या वर्गाची परीक्षा घेतली, असलं काहीबाही. १९०६च्या एप्रिलमध्ये एक नोंद होती. प्रज्ञाने ती भिकनला मराठीत करून सांगितली.

'तिसऱ्या इयत्तेला "गो" या क्रियापदाचा भूतकाळ विचारला. वर्गात एकालाही आला नाही. उत्तर ओसरीतून आलं. पंखा ओढणारा उखा. वर्ग हसला. मी हसलो नाही.'

आठवड्याने दुसरी नोंद.

'उखाला पहिलं पुस्तक दिलं. त्याला वर्गात बसू देण्यास दोन पालकांची हरकत आहे. त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, साहेब, दोरी सोडून आत आलो तर आतल्यांना वारा कोण घालणार, मी इथूनच ऐकतो.'

मग वर्षभर त्याचं नाव नव्हतं. १९०७च्या जूनमध्ये एकदम दोन ओळी.

'उखाची परीक्षा घेतली. पहिलं पुस्तक पूर्ण, दुसरं अर्धं. वाचन उत्तम, अर्थ उत्तम, उच्चार त्याचे स्वतःचे. तो उद्या गावी जात आहे. पुस्तकं परत मागितली नाहीत.'

"उच्चार त्याचे स्वतःचे," प्रज्ञाने पुन्हा वाचलं आणि आता मात्र ती खळखळून हसली. इटीझनाकचा उलगडा झाला होता.

कुंदाबाईंनी ती पानं वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. प्रदर्शनाच्या दारात माजी विद्यार्थ्यांचा एक मोठा फलक लावायचा होता. जज्ज, डॉक्टर, वकील, इंजिनिअर अशी चाळीस नावं ठरली होती. "एकेचाळिसावं हे," त्या म्हणाल्या. "पण समितीपुढे ठेवावं लागेल."

समितीचे अध्यक्ष बन्सीलालशेठ. आग्रा रोडवर त्यांचं कापडाचं दुकान, वय बहात्तर, त्यांच्या घरातल्या चार पिढ्या याच शाळेत शिकलेल्या. माणूस वाईट नव्हता, पण शाळेच्या बाबतीत फार काटेकोर.

"मुली, गोष्ट छान आहे," ते प्रज्ञाला म्हणाले. "वेगळा तक्ता कर, फोटो लाव, माझी ना नाही. पण फलक विद्यार्थ्यांचा आहे. नोकराचं नाव विद्यार्थ्यांत कसं घालणार? उद्या लोक विचारतील, याचा रजिस्टर नंबर काय?"

"नंबर नाही त्यांना," प्रज्ञा म्हणाली. "पण परीक्षा घेतलीय मुख्याध्यापकांनी. पास केलंय. तुम्ही स्वतः वाचून बघा."

तिने नोंदवही त्यांच्यापुढे सरकवली. शेठजींनी पहिली नोंद वाचली आणि त्यांचं बोट 'तिसरी इयत्ता'वर थांबलं. साल त्यांनी दोनदा पाहिलं.

"या वर्गाचं रजिस्टर आहे?"

भिकन ते घेऊनच उभा होता. तिसऱ्या इयत्तेत सत्तावीस मुलं. अकरावं नाव शेठजींच्या आजोबांचं होतं. प्रज्ञाला ते आधीच दिसलं होतं, पण ते आपण होऊन कसं सांगावं हे तिला कळत नव्हतं.

शेठजींनी रजिस्टर जवळ ओढून ते नाव वाचलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते.

"आमचे आजोबा घरात सगळ्यांना इंग्रजीवरून बोलायचे," ते म्हणाले. "आमच्या वडिलांना एकदा स्पेलिंग चुकलं म्हणून जेवायला दिलं नव्हतं. आणि स्वतःला 'वेंट' येत नव्हतं." हसता हसता ते पुढची नोंद वाचायला लागले आणि हळूहळू त्यांचं हसू कमी झालं. "हे दोन पालक कोण? नावं आहेत का?"

"नाहीत लिहिलेली."

"असतील आमचेच," शेठजी म्हणाले. वही त्यांनी दोन्ही हातांनी मिटली. "कुंदाबाई, नाव घाला. एकेचाळिसावं नको, सालाप्रमाणे जिथं येतं तिथं घाला. आमच्या आजोबांच्या शेजारी येईल. येऊ द्या."

त्या रविवारी प्रज्ञा असोद्याला गेली. जळगाव स्टँडवर रविंद्र मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनाही त्यांच्या पणजोबांबद्दल एवढंच माहीत होतं की घराण्याला गावात 'मास्तराचं घर' म्हणतात, आणि घरात कोणी मास्तर नसताना तसं का म्हणतात म्हणून लहानपणी त्यांना पोरं चिडवायची. रस्त्याने दोन्हीकडे केळीच्या बागा होत्या. रविंद्र गाडी हळू चालवत होते आणि सारखं मागे वळून विचारत होते, "दुसरं पुस्तक अर्धं म्हणजे किती गं? पन्नास पानं तरी असतील ना?"

यादवआबांच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं जमली. प्रज्ञाने नोंदींचे फोटो दाखवले, वाचून सांगितलं. आबा मान खाली घालून ऐकत होते. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मले वाटे, आज्या आपला गंमत करते. लोकाची पोरं जमवून बसे चिंचेखाली. घ्या रे म्हने, साहेबाची भाषा, फुकट हाये." मग त्यांनी रविंद्रना जवळ बोलावलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्रेसष्ट वर्षांचे रविंद्र शाळेतून पास होऊन आलेल्या पोरासारखे लाजले.

त्या माणसांत बेबाबाई होत्या. चौऱ्याऐंशीच्या आसपास वय, केळीवाल्या सुपडूभाऊंची आई. त्यांचं आणि त्यांच्या आईचंही माहेर-सासर दोन्ही असोद्यातच. त्या म्हणाल्या, "अवो, हे गानं तं माही माय म्हने. जात्यावर दयता दयता म्हने. आमच्या घरी कसं आलं हे?"

"तुमची आई चिंचेखाली जायची का?"

"कोन जाने. पाटलाच्या आळीतली पोर तढी कशी जाईन? तिले घरून मार बसला असता." त्या विचारात पडल्या. "चिंचा येचाले मात्र जाये. त्याच्यासाठी कोन्ही काही म्हनत नव्हतं."

निघताना प्रज्ञा सगळ्यांना म्हणाली की प्रदर्शनाला या, आणि त्या काळातली एखादी वस्तू घरात असेल तर तीही आणा, आपण मांडून ठेवू.

डिसेंबरच्या त्या शनिवारी धुळ्यात चांगली थंडी होती. सकाळी नऊला सुपडूभाऊंची जीप शाळेच्या फाटकात शिरली. पुढे यादवआबा, पांढरं स्वच्छ धोतर, निळी टोपी, गळ्यात रविंद्रांचा मफलर. मागे आठजण दाटीवाटीने. बेबाबाईंच्या मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते त्यांनी रस्ताभर कोणालाही हात लावू दिलं नव्हतं.

फलक दारातच होता. तिथे १९०७ साली, बन्सीलालशेठच्या आजोबांच्या लगत, लिहिलेलं होतं: 'उखा राणू, असोदे. पहिलं पुस्तक पूर्ण. तुकडी: ओसरी.' 'तुकडी: ओसरी' ही कुंदाबाईंची भर. आबांनी ते नाव बोटाने चाचपून पाहिलं. रंग अजून जरा ओला होता, बोटाला लागला. बन्सीलालशेठ रुमाल घेऊन पुढे आले, पण आबांनी बोट मागे घेतलं.

"राहू द्या, शेठ," ते म्हणाले. "घरी नेतो."

आत प्रदर्शनात गर्दी होती. जुने नकाशे, बक्षिसाची पुस्तकं, शाईच्या दौती, पहिल्या एकोणीस मुलांची यादी. एका टेबलावर बैलाचा धडा उघडून ठेवला होता. पाचवीच्या वर्गाला भिकनने तिथेच धरून उभं केलं होतं आणि तो त्यांना असोद्याच्या चालीवर तो धडा म्हणायला लावत होता. शिक्षकांना वाटलं कुंदाबाईंनीच सांगितलंय. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

त्या गोंगाटात बेबाबाईंनी प्रज्ञाला हाताला धरून खिडकीपाशी नेलं आणि लुगडं सोडलं. आत पितळेची एक छोटी तपेली होती, लख्ख घासलेली.

"तू म्हनली व्हती ना, जुनं काही आना म्हनून. मायची हाये. सत्तर वर्सं चुलीवर व्हती, बूड काळंच राहे. काल चिंच लावून घासली तं खाली हे निंघालं." त्यांनी तपेली उलटी केली. "दुकानदाराची खून असंन, मी म्हनलं. पन सुपडू म्हने, इंग्रजीसारखं दिसते. त्यालेही वाचता नाही येत, वाकडंतिकडं हाये."

बुडावर खिळ्याने टोचून टोचून चार अक्षरं काढलेली होती. पहिलं अक्षर उलटं होतं, आरशात दिसावं तसं, म्हणून सुपडूभाऊंना ते लागलं नसणार. प्रज्ञाने तपेली उजेडात धरली.

"बेबाबाई, तुमच्या आईचं नाव काय होतं?"

"सोनी. लग्नानंतर जानकी ठेवलं. पन माहेरात सोनीच."

"तेच लिहिलंय इथे. सोनी. इंग्रजीत."

बेबाबाईंना कळायला वेळ लागला. त्यांनी तपेली परत हातात घेतली, ती चार अक्षरं एकेक करून पाहिली, मग प्रज्ञाकडे पाहिलं.

"मायनं लिहिलं?"

"दुसरं कोण लिहील? उलटं 'एस' पहिल्यांदा शिकणाराच काढतो. माझ्या वर्गातही काढतात."

"अन् कधी सांगलं नाही तिनं," बेबाबाई म्हणाल्या. "मेली तवरिक सांगलं नाही. अंगठा लावे ती कागदावर." त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा असा खुलला होता की शेजारून जाणारी दोन-तीन माणसं थांबली. त्यांनी हाक मारली, "यादव, इकडे ये. तुह्या आज्यानं माह्या मायले शिकवलं पाहा."

आबा काठी टेकत आले. दोघांच्या मधे ती तपेली आली. आबांना इंग्रजी येत नव्हतं, बेबाबाईंनाही येत नव्हतं, तरी दोघं ती अक्षरं वाचल्यासारखी पाहत राहिले. मग बेबाबाई हळूच म्हणाल्या, "आमच्या घरच्यांनी त्याले अंगनात येऊ देलं नसंन कधी. अन् तो मात्र चिंचेखाली बसवून शिकवे."

"पोर हुशार असंन," आबा म्हणाले. "हुशार पोर दिसली की त्याले राहवत नसे."

तपेली मांडायला काचेची पेटी रिकामी नव्हती. कुंदाबाईंनी राज्यपातळीवरचा एक चांदीचा चषक पेटीतून काढला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला आणि तिथे तपेली ठेवली, उलटी, बूड वर करून. दिवसभर लोक त्या पेटीपुढे वाकून नाव वाचत होते. दुपारी जळगावचा एक पत्रकार आला आणि त्याने फोटो काढायचे म्हणून बेबाबाईंना पेटीशेजारी उभं केलं. त्यांनी पदर सारखा केला आणि फोटो काढून झाल्यावर त्याला विचारलं, "आमची माय पेपरात येईन का?" तो हो म्हणाला, आणि खरोखर दुसऱ्या दिवशी आली.

प्रदर्शन आठ दिवस चाललं. शेवटच्या दिवशी सुपडूभाऊ पुन्हा आले, तपेली न्यायला आणि आमंत्रण द्यायला. "रविवारी मळ्यात भरीत हाये," ते म्हणाले. "बठ्ठी शाळा या. शेठ, तुम्हीसुद्धा. गाडी पाठवतो."

बठ्ठी शाळा काही गेली नाही, पण चौदाजण गेले. केळीच्या बागेच्या कडेला वांगी तुराट्यांच्या जाळावर भाजायला टाकली होती. रविंद्र दोन्ही बाह्या वर करून बडजी नावाच्या लाकडी भांड्यात वांगी ठेचत होते. कंडक्टर असताना हात जसा भरभर चालायचा तसाच चालत होता. बेबाबाई ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत बसल्या होत्या आणि त्यांच्याशेजारी कुंदाबाई, त्यांना जमत नसतानाही, हट्टाने थापत होत्या. त्यांची प्रत्येक भाकरी तव्यावर जाताना तुटत होती. बेबाबाई ती तशीच भाजून वेगळी ठेवत होत्या.

मयुरी, सुपडूभाऊंची नात, सातवीत होती. पाटावर बसून ती प्रज्ञाच्या कानाशी लागली.

"ताई, तुम्ही दर रविवारी आबांकडे येता ना?"

"महिन्यातून एकदा येते."

"मग दोनदा या. आमच्या शाळेत इंग्रजीला सर नाहीत जूनपासून. आम्ही अकराजणी आहोत. मी विचारून ठेवलंय सगळ्यांना."

"सगळ्यांच्या घरी विचारलंय का?"

"पणजी विचारणार आहे," मयुरी म्हणाली. "पणजीला कोणी नाही म्हणत नाही."

प्रज्ञाने बेबाबाईंकडे पाहिलं. त्या भाकरी उलटत होत्या आणि सगळं ऐकत होत्या. "दोनदा ये," त्या तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "जागा माहं घर. पन पोरी ओसरीत नाही, आत बसतीन. अन् मीबी बसंन, मागं."

प्रज्ञा हो म्हणाली. मयुरीने उठून पलीकडच्या बांधावर बसलेल्या पोरींना हात हलवला आणि तिकडून कल्ला झाला. यादवआबा बाजेवर उन्हात बसून भरीत खात होते. त्यांना मिरची सोसत नाही म्हणून रविंद्रांनी त्यांच्या ताटात वेगळं वाढलं होतं, पण ते बन्सीलालशेठच्या ताटातलं घेत होते, आणि शेठ, घाम पुसत पुसत, चौथी भाकरी मागत होते.